कुकी डिलीट केली तरी परत येते, मंग काय करायचं

मागच्या खरिपातली गोष्ट आहे, जुलैचा शेवटचा आठवडा, विम्याची गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माझं ऑनलाईन अर्ज, झेरॉक्स, प्रिंटचं छोटंसं दुकान आहे दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर अन् एक इन्व्हर्टर जो अर्धा तासही धड टिकत नाही. एका काकांचा अर्ज भरून झाला, लॉगआऊट केलं, मंग मामाजी खुर्चीवर बसले, त्यांचं लॉगिन करायला पेज उघडलं तं वरच्या कोपऱ्यात काकांचंच नाव. परत लॉगआऊट, परत काका. हिस्ट्री साफ केली, ब्राउझर बंद करून चालू केलं, काका हजर. मामाजीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, माझ्या डोळ्यासमोर धरला अन् म्हणे, "बाबू, माह्या वावरावर त्याचं नाव चढवू नको बाप्पा."

मी घाबरलो. कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबलं, दिसले तेवढे सगळे टिक मारले, 'ऑल टाईम' केलं अन् उडवलं. काका गेले खरे, पण त्यांच्यासंग दुकानाचे सगळे लॉगिनही गेले, बँकेचं, मेलचं, सगळंच, अन् ॲडव्हान्स्ड टॅबमधला पासवर्डचा टिकही मी मारून बसलो होतो तं सेव्ह केलेले पासवर्डही साफ. एका लॉगिनचा ओटीपी बाबांच्या नंबरवर जाते, बाबा फवारणीला गेलेले, फोन धुऱ्यावरच्या बाभळीला थैलीत टांगलेला. गाडी काढून वावरात गेलो तवा कुठं ओटीपी भेटला, तोपर्यंत तो एक्स्पायर. दुकानात परत येईपर्यंत मामाजी दुसऱ्या सेंटरवर निघून गेले होते.

अन् एवढं करून दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाच्या नावानं तोच खेळ चालू. तवापासून हे प्रकरण मी नीट समजून घेतलं. ते इथं लिहून राहिलो, घरचा कॉम्प्युटर असो का दुकानाचा, काम एकच आहे. कमांड, फोल्डरचे नावं मी मराठीत लिहिले आहेत, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आधी ही कुकी काय भानगड आहे ते. आपण कापूस घेऊन जिनिंगवर गेलो की गेटवर गाडीचा नंबर लिहून एक चिठ्ठी देतात का नाही? मंग काट्यावर चिठ्ठी दाखवा, ग्रेडरला चिठ्ठी दाखवा, हिशेबाच्या खिडकीवर चिठ्ठी द्या, कोणी तुमचं नाव विचारत नाही, चिठ्ठीवरचा नंबर पाहतात. वेबसाईटचंही तसंच आहे, सर्व्हरला, म्हणजे साईट जिथून चालते त्या दूरच्या कॉम्प्युटरला, तुमचा प्रत्येक क्लिक म्हणजे नवीन माणूस वाटते, त्याला आधीचं काही आठवत नाही, म्हणून ते ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी देऊन ठेवते अन् ब्राउझर दर क्लिकला ती दाखवते. नेटस्केप नावाचं जुनं ब्राउझर होतं, तिथल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरनं १९९४ मध्ये ही युक्ती काढली, तेच अजून चालू आहे. चिठ्ठी लहानच असते, साधारण ४ केबीपर्यंत, अन् लॉगिनच्या चिठ्ठीवर सहसा तुमचं नाव-गाव नसते, एक लांबलचक नंबर असते बस. काही चिठ्ठ्या ब्राउझर बंद केलं की संपतात, काहींवर तारीख असते, क्रोममध्ये २०२२ पासून ही तारीख जास्तीत जास्त ४०० दिवसांची. म्हणजे कोणी दुसऱ्यानं मागच्या दिवाळीत तुमच्या कॉम्प्युटरवर काही उघडलं असेल तं त्याची चिठ्ठी आजही पडून असू शकते.

आता दुखणं कुकीचंच आहे का हे कसं ओळखायचं. एक तं जुन्याच माणसाचं नाव येणं. दुसरं, यूजरनेम पासवर्ड बरोबर टाकता, पेज गोल फिरते अन् परत लॉगिनवरच आणून सोडते. तिसरं, 'टू मेनी रिडायरेक्ट्स' असा मेसेज. चौथं, पांढऱ्याफटक पानावर '४०० बॅड रिक्वेस्ट' अन् खाली 'कुकी टू लार्ज' असं काहीतरी, म्हणजे त्या साईटच्या इतक्या चिठ्ठ्या जमल्या की गठ्ठाच खिडकीतून आत जाऊन नाही राहिला.

खात्री करायची असेल तं कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा, तिच्यात साध्या खिडकीतल्या चिठ्ठ्या नसतात, अन् तीच साईट तिथं चालवून पाहा. तिथं धडाधड चालली तं दुखणं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, कुकी किंवा एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर. तिथंही नाही चालली तं बहुतेक साईटच बसलेली आहे, मंग काही डिलीट करू नका, चहा प्या. शेवटच्या तारखेला लोक उगाच कुकी उडवत बसतात अन् तिकडं सर्व्हरच झोपलेला असते.

मले विचाराल तं नियम एकच, ज्या साईटचं दुखणं त्याच साईटच्या चिठ्ठ्या काढायच्या. निंदणाला गेलो की आपण तण काढतो, पऱ्हाटी नाही उपटत. 'ऑल टाईम, ऑल टिक' हा उपाय शेवटी, अन् तोही पासवर्डचा टिक काढून. अन् सुरू करायच्या आधी त्या साईटचे जितके टॅब उघडे असतील तितके सगळे बंद करा. हे लोक करत नाहीत अन् मंग म्हणतात कुकी जात नाही. कशी जाईल, मागं एक टॅब उघडा आहे, ते पेज दर मिनिटाला सर्व्हरला विचारून राहिलं अन् नवीन चिठ्ठी घेऊन राहिलं, तुम्ही इकडून काढता, ते तिकडून ठेवते.

सगळ्यात सोपी पद्धत ॲड्रेस बारमधून. साईट एकाच टॅबमध्ये उघडा, पत्त्याच्या डाव्या बाजूला दोन आडव्या रेघांवर गोल गोल असं चिन्ह आहे त्याच्यावर क्लिक करा. आधी तिथं कुलूप राहायचं, क्रोमनं २०२३ मध्ये बदललं. अजून विंडोज ७ वाली मशीन असेल, आपल्याकडं लय आहेत, तं तिथं क्रोम १०९ च्या पुढं जातच नाही, तिथं कुलूपच दिसेल अन् आतले शब्दही थोडे वेगळे असतील. क्लिक केलं की 'कुकीज अँड साईट डेटा', त्यात 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साईट डेटा'. एक लिस्ट येते, एकेका नावासमोर कचऱ्याच्या डब्ब्याचं चिन्ह, ते दाबा, डन करा, पेज रिलोड करा. दहातली सहा-सात दुखणी इथंच बरी होतात.

ह्या लिस्टमध्ये एकच नाव नसते, दोन-तीन-चार असतात, ते नीट पाहून ठेवा, कारण खरी गोम तिथंच आहे.

माझ्या दुकानात झालं ते हेच होतं. पोर्टल एक, पण लॉगिन करणारा सर्व्हर वेगळा, त्याचा पत्ता वेगळा. जिनिंगच्या हिशेबात सांगायचं तं तुमच्या हातातली चिठ्ठी मी फाडली, पण गेटवर अजून एक चिठ्ठी लावून ठेवली आहे ती तशीच. तुम्ही चिठ्ठीशिवाय काट्यावर गेले, काटेवाला म्हणे जा गेटवर, गेटवाल्यानं आपली चिठ्ठी पाहिली, म्हणे हे तं काकाच, घ्या नवीन चिठ्ठी. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होते अन् आपल्याला वाटते की कुकी डिलीटच नाही झाली. ती झाली होती, पण दुसरी तयार होऊन आली.

म्हणून अशा वेळी लॉगिन बटन दाबा अन् दुसरीकडं न पाहता फक्त ॲड्रेस बारकडं पाहा. पत्ता बदलते, क्षणभरासाठी दुसरं नाव येते, ते कागदावर लिहून घ्या. नेट स्लो असेल तं बरंच, आमच्याकडं पाऊस आला की एवढं स्लो होते की पत्ता आरामात वाचता येते. आता क्रोमच्या सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, तिथं खाली 'सी ऑल साईट डेटा अँड परमिशन्स'. ज्या ज्या साईटनं काही ठेवलं आहे त्या सगळ्यांची यादी येते, पहिल्यांदा पाहाल तं डोकं गरगरेल, कधी न ऐकलेले शंभर नावं असतात. वर सर्चचा डब्बा आहे, त्यात पोर्टलचं नाव अर्धंच टाका, पूर्ण पत्ता नका टाकू, म्हणजे त्याचे सगळे भाऊबंद दिसतील, लॉगिनवालं, पेमेंटवालं, जुनं, नवीन. सगळे काढा. मंग कागदावर लिहिलेलं दुसरं नाव टाका, तेही काढा. दोन्ही काढल्याशिवाय टॅब उघडू नका. मी हे केलं अन् दुसऱ्या दिवशीचा तो माणूस पहिल्याच झटक्यात गेला, पासवर्ड-बिसवर्ड सगळं जागेवर.

एवढ्यानंही नाही झालं तं एफ१२. नाव ऐकून घाबरू नका, काही बिघडत नाही त्यानं. साईटच्या पेजवर असताना एफ१२ दाबा, काही लॅपटॉपवर संग एफएन बटनही दाबावं लागते. बाजूला किंवा खाली एक खिडकी उघडते, त्यात वर 'ॲप्लिकेशन' नावाचा टॅब शोधा, दिसत नसेल तं दोन बाणांच्या चिन्हामागं लपलेला असते. डाव्या हाताला 'कुकीज' आहे, त्याच्या बाजूचा बाण उघडला की साईटचं नाव, त्यावर क्लिक केलं की एक तक्ता येते. एकेका ओळीत एकेक चिठ्ठी, नाव, आतला नंबर, डोमेन म्हणजे कोणत्या साईटची ते, अन् 'एक्स्पायर्स' च्या रकान्यात तारीख. जिथं तारखेऐवजी 'सेशन' लिहिलं आहे ती ब्राउझर बंद केलं की जायला पाहिजे अशी चिठ्ठी. डोमेनच्या रकान्यात नावाच्या आधी टिंब असेल तं ती चिठ्ठी त्या नावाच्या सगळ्या शाखांमध्ये चालते. एखादी ओळ निवडून कीबोर्डवरचं डिलीट दाबलं की तेवढी एकच जाते.

पण मजा कुकीच्या वरच्या ओळींत आहे. 'लोकल स्टोरेज', 'सेशन स्टोरेज', 'इंडेक्स्ड डीबी'. ह्या कुकी नाहीत, पण साईटवाले तिथंही माहिती ठेवतात, अन् काही साईट तं लॉगिनच तिथं ठेवतात. एवढंच नाही, एकाच नंबराच्या नकला सगळीकडं ठेवायच्या अन् एक जागा साफ केली की दुसरीकडून परत भरायची, असंही करता येते. सॅमी कामकार नावाच्या माणसानं २०१० मध्ये 'एव्हरकुकी' नावाचं असंच करून दाखवलं होतं, लोकांना कळावं म्हणून. आपल्या वावरातला लव्हाळा पाहा ना, वरून कितीही खुरपा, खाली गाठ राहिली की आठ दिवसांत हिरवा. म्हणून एकेक ओळ काढत बसण्यापेक्षा त्याच डाव्या लिस्टमध्ये एकदम वरच्या भागात 'स्टोरेज' असं लिहिलं आहे त्यावर क्लिक करा, उजवीकडं 'क्लिअर साईट डेटा' नावाचं बटन आहे. त्याच्या खाली टिक असतात ते सगळे राहू द्या, 'इन्क्लुडिंग थर्ड-पार्टी कुकीज' हाही टिक मारा, अन् बटन दाबा. हे फक्त त्याच साईटचं साफ करते, बाकीच्या साईटला हात लावत नाही. लॉगिनवाल्या दुसऱ्या पत्त्याचं मात्र वेगळं करावं लागते, ते पेज उघडून तिथं परत हेच. शेवटी एफ१२ ची खिडकी उघडी असतानाच रिलोडच्या गोल बाणावर राईट क्लिक करा, 'एम्प्टी कॅश अँड हार्ड रिलोड' येते, ते करा.

आता समजा तरीही येऊनच राहिली. मंग पुढच्या भानगडी तपासा, ह्यातली एखादी निघतेच.

कंट्रोल शिफ्ट डिलीटवाल्या डब्ब्यात वर टाईम रेंज असते, ती बहुतेक वेळा 'लास्ट अवर' वर असते. तुम्ही डिलीट केलं, पण गेल्या एका तासातलंच, अन् चिठ्ठी आहे परवाची. लोक दहा दहा वेळा तेच डिलीट करत राहतात. अन् कॉम्प्युटरची तारीख तपासा, हे कोणी सांगत नाही. जुन्या मशीनमधला मदरबोर्डवरचा सेल संपलेला असते, आपल्याकडं लाईन दिवसातून चार वेळा जाते, दर वेळी मशीन उठली की तारीख कुठल्या कुठं. ब्राउझर 'गेला एक तास' मोजते ते ह्याच घड्याळावर, तं तेच चुकलं की काय मोजणार. सीआर २०३२ नावाचा बटनासारखा ३ व्होल्टचा सेल असते, मोबाईल-घड्याळाच्या दुकानात भेटते, बदलून टाका, लय दुखणी जातात.

क्रोममध्ये 'ऑन स्टार्टअप' च्या सेटिंगमध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' चालू आहे का पाहा. ते चालू असेल तं ब्राउझर बंद करून उघडलं की जुने टॅब येतात अन् त्यांच्यासंग त्या 'सेशन' वाल्या चिठ्ठ्याही येतात. मी "बंद करून चालू केलं तरी काका हजर" म्हणत होतो त्याचं अर्धं कारण हे होतं. फायरफॉक्समध्येही जुने टॅब परत आणायचं चालू असलं की असंच होते.

अन् क्रोम फुली मारली म्हणजे बंद झालंच असं नाही. सेटिंगमध्ये सिस्टिम म्हणून आहे, तिथं क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राऊंड ॲप चालू ठेवायचं बटन आहे, ते बंद करा. मायक्रोसॉफ्टचं एज ब्राउझर असेल तं त्यात 'स्टार्टअप बूस्ट' म्हणून असंच एक आहे. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोम दिसलं तं एंड टास्क.

गूगलची स्वतःची चिठ्ठी मात्र क्रोममध्ये साईन-इन असाल तोवर जात नाही, गेली तरी लगेच परत येते, ते मुद्दामच तसं ठेवलं आहे. ती काढायची असेल तं आधी क्रोममधून साईन आऊट करा.

एक्स्टेंशनही पाहून घ्या. कूपन देणारे, व्हिडिओ डाउनलोड करणारे, कोण्या पोरानं टाकून ठेवलेले असतात, एकेक बंद करून पाहा. अन् सेटिंगच्या मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' लिहून येत असेल अन् मशीन तुमच्या घरचीच असेल, तं कोण्या सॉफ्टवेअरनं ब्राउझरवर आपला ताबा बसवला आहे. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाका, काय काय लादलं आहे ते दिसते. हे कुकीच्या पलीकडचं दुखणं झालं, आधी अँटिव्हायरस चालवा.

कुकी साफ करून देतो म्हणणारे फुकटचे क्लीनर टाकू नका, माझं स्पष्ट मत आहे. एक कुकी काढायला जाल अन् चार जाहिरातींचे सॉफ्टवेअर घरात घेऊन याल. ब्राउझरमध्ये सगळं दिलेलं आहे.

हे सगळं करूनही चिठ्ठी हलत नाही, डिलीट केलं की यादीतून जाते अन् ब्राउझर उघडलं की तिथंच, किंवा यादीच उघडत नाही, तं चिठ्ठ्यांची फाईलच खराब झाली असू शकते. चालू मशीनची लाईन गेली की असं होते. मंग फाईल हातानं काढायची. हे शांततेत करा, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नाही.

पहिले हे पाहा की तुम्ही कोणत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे क्रोममधल्या कोणत्या वेगळ्या खोलीत आहात. क्रोम, कोलन, दोन स्लॅश, व्हर्जन असं ॲड्रेस बारमध्ये टाका, एक पान येते, त्यात 'प्रोफाइल पाथ' ची ओळ आहे. तिच्या शेवटी 'डिफॉल्ट' असते, नाही तं 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २'. एका क्रोममध्ये दोन-तीन प्रोफाइल बनवलेले असतात अन् लोक एकातली कुकी काढून दुसऱ्यात शोधत बसतात. हा पाथ पूर्ण कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा.

मंग क्रोम पूर्ण बंद, टास्क मॅनेजरमधूनही. विंडोजचं बटन अन् आर दाबा, छोटा डब्बा येते, त्यात तो पाथ पेस्ट करून एंटर. फोल्डर उघडेल. हातानं शोधायला गेलात तं सापडणार नाही, कारण मधलं 'ॲपडेटा' फोल्डर विंडोज लपवून ठेवते. आत 'नेटवर्क' नावाचं फोल्डर आहे, त्यात 'कुकीज' नावाची फाईल, तिच्या नावापुढं टिंब देऊन काही लागलेलं नसते, अन् जवळच 'कुकीज-जर्नल'. जुन्या क्रोममध्ये ही फाईल नेटवर्कच्या बाहेरच राहायची. दोघींना डिलीट नका करू, नाव बदला, शेवटी 'जुनी' असं काही लावा. नाव बदलू देत नसेल, फाईल वापरात आहे म्हणत असेल, तं क्रोम अजून मागं जिवंत आहे, परत टास्क मॅनेजर. नाव बदललं की क्रोम उघडा, ते नवी कोरी फाईल बनवून घेते. ह्यात सगळ्या साईटच्या चिठ्ठ्या जातात, म्हणजे सगळीकडं परत लॉगिन करावं लागेल, ओटीपीवाला फोन जवळ घेऊन बसा, बाबांच्या थैलीत नको. पासवर्ड जात नाहीत, ते 'लॉगिन डेटा' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात, तिला अन् 'बुकमार्क्स' ला हात लावू नका. काही जण रागात अख्खं डिफॉल्ट फोल्डर उडवतात, मंग बुकमार्क, पासवर्ड सगळ्याला मुकतात. दोन-चार दिवस बरोबर चाललं की त्या 'जुनी' फाईली उडवा.

फायरफॉक्सवाल्यांचं सोपं आहे. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, 'कुकीज अँड साईट डेटा' च्या जवळ 'मॅनेज डेटा', तिथं नाव शोधा, काढा अन् खालचं 'सेव्ह चेंजेस' विसरू नका, ते नाही दाबलं तं काहीच होत नाही. फाईल काढायची असेल तं अबाऊट, कोलन, सपोर्ट टाका, प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर' बटन आहे, ते उघडून फायरफॉक्स बंद करा अन् 'कुकीज डॉट एसक्यूलाईट' चं नाव बदला, त्याच नावाच्या पुढं 'वॉल' लागलेली फाईल दिसली तं तिचंही.

एजचं आतून सगळं क्रोमसारखंच आहे, फोल्डरमध्ये गूगल क्रोमच्या जागी मायक्रोसॉफ्ट एज एवढाच फरक. पण डोंगलवाल्या, म्हणजे डिजिटल सहीचा पेनड्राईव्ह लागणाऱ्या, काही जुन्या साईटसाठी एजमध्ये आयई मोड, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसारखं चालवायची सोय, वापरावी लागते, अन् त्याच्या चिठ्ठ्या एजच्या यादीत नसतात, त्या वेगळ्या जागी जातात. इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमध्ये बंद झालं तरी त्याचं घर विंडोजमध्ये अजून आहे. विंडोज अन् आर दाबून इनेटसीपीएल डॉट सीपीएल (inetcpl.cpl) टाका, 'जनरल' मध्ये डिलीट बटन, वरचा 'प्रिझर्व्ह फेव्हरिट्स' चा टिक काढा, नाही तं फेव्हरिटमध्ये टाकलेल्या साईटच्या कुकी तशाच राहतात, अन् आपण नेमकी तीच साईट फेव्हरिटमध्ये टाकलेली असते. दोन जणांच्या डोंगलनं काम करत असाल अन् पहिल्याचीच सही दिसत असेल तं त्याच डब्ब्यात 'कंटेंट' टॅबमध्ये 'क्लिअर एसएसएल स्टेट' दाबा. ती कुकी नाही, पण वागते कुकीसारखीच.

फ्लॅशच्या कुकी काढा असं सांगणारे जुने लेख दिसतील, ते सोडा, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं.

आता एकाच मशीनवर दिवसभर वेगवेगळ्या लोकांचं काम करायचं असेल तं काढत बसण्यापेक्षा जमू न देणं बरं. मी आधी प्रत्येकाला नवीन इन्कॉग्निटो खिडकी उघडून द्यायचो अन् समजायचो की झालं वेगळं. तसं नसते. उघड्या असलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांच्या चिठ्ठ्या एकच असतात, एकीत काका लॉगिन असले तं दुसरीतही काकाच. शेवटची खिडकी बंद होईपर्यंत काहीच पुसलं जात नाही. म्हणून मी आता गेस्ट वापरतो, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या गोलावर क्लिक केलं की खाली 'गेस्ट' दिसते, गिऱ्हाईकाचं काम त्यात, काम झालं की गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद, मंगच दुसऱ्याला खुर्ची. दुकानाचे आपले लॉगिन आपल्या प्रोफाइलमध्ये, त्याला गिऱ्हाईकाचं बोट लागू द्यायचं नाही. घरी पोरं अन् तुम्ही एकच मशीन वापरत असाल तं त्यांना वेगळं प्रोफाइल बनवून द्या.

एखादीच साईट सारखी त्रास देत असेल तं आणखी एक करता येते, क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये खाली 'ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज' मध्ये 'ऑन-डिव्हाइस साईट डेटा' आहे, तिथं सगळ्या खिडक्या बंद केल्या की साईटचा डेटा उडवायच्या यादीत त्या एका साईटचं नाव टाकून ठेवा. सगळ्याच साईटसाठी चालू करू नका, रोज सकाळी सगळीकडं ओटीपी मागत बसाल.

गेस्टमध्ये चिठ्ठ्या जातात पण डाउनलोड केलेल्या फाईली जात नाहीत, हे लक्षात ठेवा. कुकीचं एवढं रामायण केलं अन् डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गावभराचे आधार अन् पासबुक तसेच पडलेले. मी रात्री शटर ओढायच्या आधी ते फोल्डर उघडतो, कंट्रोल ए, शिफ्ट डिलीट, अन् मंग इन्व्हर्टर बंद करतो.